पतसंस्थेसाठी घेतलेला सर्व्हर बेंचमार्कमध्ये (वेगाच्या चाचणीत) जवळपास तिप्पट, पण डे-एंडला जुन्यापेक्षा हळू. नेमकं मोजायचं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी संगणक विभाग बघतो. विभाग म्हणजे मी आणि हाताखाली एक मुलगा. मुख्य कार्यालय आणि अकरा शाखा, सगळ्यांचा डेटा एकाच सर्व्हरवर. डेबियन लिनक्स, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस.

संध्याकाळी पिग्मी एजंट येऊन मशीन जोडतात, वसुली चढते, कॅश टॅली होते आणि मग डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, लागतो. साधारण ६० हजार खाती फिरतात. जुन्या सर्व्हरवर ३५ मिनिटं लागायची. तोवर शाखेतल्या कुणालाच घरी जाता येत नाही, कारण टॅली चुकली तर तिथेच शोधावी लागते. लांबच्या शाखांतल्या मुलींची शेवटची एसटी चुकते. म्हणून संचालक मंडळाच्या मागे लागून रिफर्बिश्ड सर्व्हर घेतला.

जुना: दोन झिऑन ई५-२६२० व्ही४, मिळून १६ कोअर. रॅम ६४ जीबी, ८ च्या आठ स्टिक.
नवा: दोन झिऑन गोल्ड ६२३०, मिळून ४० कोअर. रॅम ६४ जीबी, ३२ च्या दोन स्टिक.
दोन्हीत १०,००० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या) सॅस डिस्क, रेड १० (अनेक डिस्क जोडून एक करायची पद्धत). त्या सांभाळणारं रेड कार्ड वेगवेगळं.

पुरवठादाराने समोर बसून सिसबेंच हा बेंचमार्क लावून दाखवलं. सीपीयूचा आकडा जुन्याच्या जवळपास तिप्पट आला, सगळे खूश. डेटा हलवला आणि पहिल्याच दिवशी डे-एंडला ५२ मिनिटं. रोज तेवढीच. पुरवठादार म्हणतो सॉफ्टवेअर बघा, सॉफ्टवेअरवाला म्हणतो हार्डवेअर बघा. निम्मे पैसे अजून द्यायचे आहेत आणि मंडळाच्या बैठकीत मला उभं राहून सांगायचंय की मशीन ठीक आहे का नाही. कुणी हलवू शकणार नाही असे आकडे मला हवेत. काय मोजू, कशाने मोजू?

बेचाळीस यू

कृष्णाकाठ, तुम्ही रॅमच्या स्टिकसुद्धा मोजून लिहिल्यात, त्यामुळे बरंच काही इथूनच दिसतंय. हे काम मी नाशिकला वर्षानुवर्षं करते आहे आणि हाच प्रसंग वेगवेगळ्या कपड्यांत परत परत भेटतो. थोडं लांबण लागेल, पण बैठकीत उभं राहायचंय म्हणताय तर मुळापासून घेऊ.

आधी तो तिप्पट आकडा. सिसबेंचची सीपीयू चाचणी ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या मूळ संख्या शोधते, भागाकार करत करत. मर्यादा काही सांगितली नाही तर १०,०००. हे सगळं गणित प्रोसेसरच्या पोटातल्या पोटात उरकतं. रॅमकडे जवळजवळ जावंच लागत नाही आणि डिस्कशी तर संबंधच नाही. शिवाय ती सगळ्या थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर) एकदम लावली की आकडा कोअरच्या संख्येबरोबर वाढत जातो. पुरवठादाराने खोटं काही दाखवलेलं नाही. ४० कोअर १६ कोअरपेक्षा मूळ संख्या जास्त शोधणारच. पण तुमची पतसंस्था मूळ संख्या शोधत नाही.

आता डे-एंड चालू असताना टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडून बघा. माझा अंदाज आहे की पोस्टग्रेसची एकच प्रोसेस पुढे असेल, कारण अशी बहुतेक सॉफ्टवेअरं एकामागून एक खातं घेतात. तसं असेल तर ४० पैकी ३९ कोअर बसून आहेत. आणि ती एक प्रोसेससुद्धा बराच वेळ 'डी' अवस्थेत, म्हणजे डिस्कची वाट बघत दिसेल. त्याच वेळी शेजारी आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारी कमांड) विस्तारित पर्यायासह चालू ठेवा आणि लिहिण्याच्या विनंतीला सरासरी किती मिलिसेकंद लागताहेत तो रकाना बघा. काहीही विकत न घेता, काहीही न बसवता होणारी ही पहिली मोजणी.

वाट कशाची? कमिटची, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची. प्रत्येक कमिटला पोस्टग्रेस वॉलमध्ये (बदलांच्या रोजनाम्यात) नोंद करतं आणि ती नोंद कायमच्या जागी पोचल्याचा निरोप येईपर्यंत हलत नाही. कॅशियरने प्रत्येक पावतीनंतर उठायचं, तिजोरी उघडायची, पावती आत ठेवायची, कुलूप लावायचं आणि मगच पुढचा खातेदार घ्यायचा, असा हा प्रकार आहे. माणूस किती भरभर लिहितो याला तिथे काही अर्थ उरत नाही, सगळा वेळ तिजोरीपर्यंतच्या फेरीत जातो.

ही फेरी केवढी ते कागदावर काढता येतं. १०,००० आरपीएमची डिस्क एक फेरा ६ मिलिसेकंदांत पूर्ण करते. एकामागून एक छोट्या नोंदी लिहायच्या आणि दर नोंदीला थांबायचं म्हटलं, तर साधारण फेऱ्याला एक नोंद, म्हणजे सेकंदाला १६६ च्या आसपास. ७,२०० ची डिस्क असती तर १२०. प्रोसेसर कुठलाही लावा, हा आकडा बदलत नाही. तुमचं सॉफ्टवेअर एका खात्याला तीन कमिट करत असेल (व्याज, खतावणी, एसएमएसची नोंद, असं काहीतरी असतं) तर ६० हजार खात्यांचे १ लाख ८० हजार कमिट. सेकंदाला १६० धरले तर पावणेएकोणीस मिनिटं फक्त डिस्क फिरण्याची वाट बघण्यात जातात.

मग जुन्या सर्व्हरवर तशाच डिस्क असून हे का होत नव्हतं? रेड कार्डामुळे. कार्डावर स्वतःची थोडी रॅम असते आणि ती सांभाळायला बॅटरी. बॅटरी चांगली असली की कार्ड राइट-बॅक पद्धतीने चालतं: नोंद आपल्या रॅममध्ये घेतं, लगेच 'झालं' म्हणून कळवतं आणि डिस्कवर सवडीने उतरवतं. मध्येच वीज गेली तर बॅटरी ती नोंद जिवंत ठेवते. पण बॅटरी मेली की कार्ड आपणहून राइट-थ्रूवर जातं आणि दर नोंदीला डिस्कपर्यंत जाऊन येतं. ते बरोबरच करतं, तुमचे पैसे वाचवतं. फक्त मोठ्याने ओरडून सांगत नाही. रिफर्बिश्ड मशीन गोदामात किती काळ पडून होतं कुणास ठाऊक, आणि बॅटरी तर काही वर्षांतच दमते. माझा पहिला संशय तिच्यावर आहे.

हे सिद्ध करायला पोस्टग्रेसबरोबरच एक छोटं हत्यार येतं, पीजी-टेस्ट-एफसिंक. दोन्ही सर्व्हरवर चालवा. चाचणीची फाइल वॉल ज्या डिस्कवर आहे तिथेच ठेवायला सांगा, नाहीतर भलत्याच डिस्कचा आकडा मिळेल. निकालात एफडेटासिंकची (नोंद डिस्कवर पोचवायच्या हुकमाची) ओळ बघा, लिनक्सवर पोस्टग्रेस तीच पद्धत वापरतं. सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे आले तर तुम्ही थेट डिस्कशी बोलताय. हजारोंत आले तर मध्ये कार्डाची रॅम आहे. आणि कार्ड राइट-थ्रूवर असूनही हजारोंत आले तर जास्त घाबरायचं: याचा अर्थ डिस्कची स्वतःची कॅश (तात्पुरती मेमरी, रोकड नव्हे) चालू आहे आणि ती नोंद पोचण्याआधीच 'पोचली' म्हणतेय.

मग कार्डाच्या मेनूत किंवा त्याच्या कमांडने बॅटरीची अवस्था आणि कॅशची चालू पद्धत बघा. 'ठरवलेली' आणि 'सध्याची' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. ठरवलेली राइट-बॅक दिसेल, सध्याची वाचा.

डिस्क मोजायचं एफआयओ हे हत्यार याहून ताकदीचं आहे, जेन्स ॲक्सबो यांनी लिहिलेलं. तेही लावा, पण चार गोष्टी सांभाळून. ब्लॉक ८ केबीचा ठेवा, पोस्टग्रेसचं पान तेवढंच असतं. डायरेक्ट हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर लिनक्स आपल्या रॅममधूनच उत्तरं देईल. क्यू डेप्थ (एका वेळी रांगेत किती विनंत्या) १ ठेवून एकदा आणि ३२ ठेवून एकदा चालवा. डे-एंड पहिल्यासारखा असतो, दिवसा सगळ्या शाखा चालू असतात तेव्हाचं काम दुसऱ्याच्या जवळ जातं. फाइल कार्डाच्या कॅशपेक्षा कितीतरी मोठी घ्या आणि चाचणी बराच वेळ चालू द्या, नाहीतर सगळं लिखाण कॅशमध्येच मावेल आणि निकाल स्वप्नवत येईल. आणि ही सूचना दोनदा वाचा: फाइलचं नाव द्यायच्या जागी अख्ख्या डिस्कचं नाव कधीही देऊ नका. एफआयओ त्यावर निमूट लिहितं आणि डेटा गेला. परत मिळत नाही.

निकालातली सरासरी सोडा, ९९ आणि ९९.९ टक्क्यांची ओळ, म्हणजे तेवढ्या टक्के विनंत्या किती वेळाच्या आत उरकल्या ती, उतरवून घ्या. शाखेतली खिडकी अडते ती त्या शेवटच्या एका टक्क्यात.

आता रॅम. हे वाचताना मी थांबलेच. गोल्ड ६२३० ला प्रत्येकी सहा मेमरी चॅनल (रॅमकडे जाणारे रस्ते) आहेत. दोन प्रोसेसरचे बारा, आणि स्टिक दोन. म्हणजे दर प्रोसेसरला फार तर एक चॅनल, बाकीचे रिकामे. डीडीआर४-२६६६ ची स्टिक असेल तर एका चॅनलची मर्यादा सेकंदाला २१.३ जीबी, दोन्ही मिळून ४२.६. तुमच्या जुन्या मशीनमध्ये आठही चॅनल भरलेले आहेत. २१३३ च्या स्टिक धरल्या तरी १३६ च्या घरात जातात. नव्या मशीनची मेमरी जुन्याच्या एक तृतीयांशसुद्धा ओढू शकत नाही! डीएमआयडीकोड या कमांडने कोणती स्टिक कोणत्या खाचेत आहे ते छापून घ्या. मग स्ट्रीम नावाचा जॉन मॅकॅल्पिन यांचा जुना, छोटा आणि अजूनही चोख बेंचमार्क लावा. त्यातला ॲरे (चाचणीचा डेटा) प्रोसेसरच्या पोटातल्या सगळ्या एल३ कॅशच्या किमान चौपट हवा, तुमच्याकडे २७.५ अधिक २७.५ म्हणजे ५५ एमबी, तेव्हा २२० एमबीच्या वर ठेवा. कमी ठेवलात तर रॅमऐवजी कॅश मोजाल.

डे-एंड मात्र रॅममुळे हळू झालाय असं मला वाटत नाही, एकटी प्रोसेस एवढी मेमरी ओढत नाही. पण महिनाअखेरीला अकरा शाखा एकदम अहवाल काढतील तेव्हा ही रॅम नडेल. हे वेगळं लिहा, एकाच कारणात मिसळू नका.

तिसरी गोष्ट वीज वाचवण्याची सेटिंग. एक प्रोसेस दर कमिटला थांबते, तेवढ्यात तो कोअर झोपतो, परत उठायला वेळ घेतो आणि घड्याळही (कोअरचा वेग) खाली आलेलं असतं. बायॉसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंगमधलं) पॉवर प्रोफाइल बघा आणि डे-एंडच्या वेळी टर्बोस्टॅट या कमांडने खरी गिगाहर्ट्झ बघा. ६२३० चा मूळ वेग २.१ आणि टर्बो (गरजेला वाढणारा वेग) ३.९ आहे. एकाच कोअरवर काम असताना घड्याळ ३ च्या खाली रेंगाळत असेल तर कुठेतरी लगाम आहे.

आणि बैठकीत ठेवायचा खरा बेंचमार्क यातला एकही नाही. तुमच्याकडे त्याहून चांगला आहे: स्वतःचा डे-एंड. एका ठराविक संध्याकाळचा, डे-एंड लावण्याआधीचा बॅकअप घ्या. दोन्ही सर्व्हरवर तोच बॅकअप उतरवा, पोस्टग्रेसची आवृत्ती, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि सेटिंग दोन्हीकडे तंतोतंत एकच ठेवा. कर्नलचं मुद्दाम सांगते, कारण जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन-स्पेक्टर या त्रुटी उघड झाल्यापासून कर्नलमध्ये आलेल्या संरक्षणांनी काही कामं हळू झाली आहेत. एकीकडे जुना कर्नल आणि दुसरीकडे नवा असेल तर तुलनाच फसते. मशीन नुकतं चालू केल्यावरची पहिली फेरी वेगळी लिहा, त्यानंतरच्या काही फेऱ्यांचा मध्यक घ्या. दर फेरीआधी बॅकअप पुन्हा उतरवायचा, कारण एकदा डे-एंड झालेल्या डेटावर परत तेच काम होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी, बायॉस आणि रॅम एकाच दिवशी बदललेत तर कशाने फरक पडला ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

एचपीसी पुणे

वरच्या उत्तराला माझा पूर्ण दुजोरा. फक्त एक भर, कारण हा प्रश्न पतसंस्थेपुरता नाही. जगातल्या महासंगणकांची टॉप-५०० यादी १९९३ पासून लिनपॅक या बेंचमार्कवर लागते. आपल्या पुण्यातला 'एका' (EKA) नावाचा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या यादीत चौथा आला होता, ११७.९ टेराफ्लॉप्सवर (सेकंदाला तेवढी लाख कोटी गणितं), आणि त्या वेळी आम्हाला केवढा अभिमान वाटला होता ते शब्दांत सांगता येत नाही. अजूनही वाटतो. पण लिनपॅक घट्ट मॅट्रिक्सचं गणित सोडवतं, प्रोसेसरला आवडणारं. खऱ्या शास्त्रीय कामांत बरेचदा मेमरीची वाट बघावी लागते, म्हणून त्याच लोकांनी पुढे एचपीसीजी नावाचा दुसरा बेंचमार्क आणला. जपानच्या फुगाकूचा लिनपॅक ४४२ पेटाफ्लॉप्स (टेराच्या हजारपट), एचपीसीजी १६. मशीन तेच. दोन्ही आकडे खरे. म्हणून कुणी मला 'हा सर्व्हर किती वेगवान' विचारलं की मी 'कशाला' विचारतो.

क्लाउडकर

सोपा उपाय सांगू का? पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट (दर कमिटला डिस्कची वाट बघणं) बंद करा. एका ओळीचं काम, डे-एंड आत्ताच्या आत्ता पळेल. नाहीतर सरळ क्लाउडवर जा, ही बॅटरीची कटकटच नको.

बेचाळीस यू

क्लाउडकर, हा सल्ला पतसंस्थेला देऊ नका, कळकळीने सांगते. सिंक्रोनस कमिट बंद केल्यावर वीज गेली तर डेटाबेस बिघडत नाही हे खरं, पण शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातले कमिट नाहीसे होऊ शकतात, आणि सॉफ्टवेअरने ते 'झाले' म्हणून सांगितलेले असतात. त्यात पिग्मीवाल्या भाजीवालीचे शंभर रुपये असतील, पावती तिच्या हातात आणि खात्यात नोंद नाही. अहवालांच्या वेगळ्या सर्व्हरवर खुशाल बंद करा. खतावणीवर नाही. एफसिंकच (नोंदी डिस्कवर पोचल्याची खात्री करणं) बंद करण्याचा विचार तर कुणी करूही नये, त्यात अख्खा डेटाबेस जातो.

क्लाउडवरही मोजणी सुटत नाही. ॲमेझॉनच्या जीपी३ डिस्कला मुळात ३,००० आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या विनंत्या) आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात, त्यापुढे पैसे मोजून. आधीच्या जीपी२ मध्ये छोट्या डिस्कला उसनी घेतलेली गती मिळायची, ३,००० आयओपीएसवर साधारण अर्धा तास टिकेल एवढी. पाच मिनिटांच्या चाचणीत ती संपायचीच नाही आणि लोक खूश होऊन मशीन घ्यायचे. तिथे टॉपमधला 'एसटी'चा आकडाही बघावा लागतो, त्याच मशीनवरच्या शेजाऱ्याने आपला प्रोसेसर किती पळवला ते त्यात कळतं.

कृष्णाकाठ

ताई, सगळं केलं. आकडे देतो.

पीजी-टेस्ट-एफसिंक, एफडेटासिंकची ओळ: जुना ६,१०० च्या आसपास, नवा १६३. तुम्ही कागदावर काढलेला आकडा आणि मशीनचा आकडा एवढा जवळ आलेला बघून मी त्या मुलाला बोलावून दाखवला. कार्डाच्या मेनूत ठरवलेली पद्धत राइट-बॅक, सध्याची राइट-थ्रू, बॅटरीपुढे 'फेल्ड'. सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर कबूल केलं की खात्याला तीन कमिट आहेत. स्टिक दोन्ही प्रोसेसरला एकेक, तुम्ही म्हणालात तशाच. टर्बोस्टॅटमध्ये घड्याळ २.१ वर अडकलेलं, बायॉसमध्ये प्रोफाइल वीज वाचवण्याचं होतं.

कागद पुढे ठेवल्यावर पुरवठादाराने वाद घातला नाही, नवी बॅटरी पाठवली. ती पूर्ण चार्ज होऊन कार्ड राइट-बॅकवर येईपर्यंत थांबलो. डे-एंड ५२ वरून ३४. नंतर फक्त बायॉस बदललं: ३४ वरून २७. रॅमला अजून हात लावलेला नाही.

दोन प्रश्न. बॅटरी यायच्या आधी त्यांचा माणूस म्हणाला होता की कार्डात 'नेहमी राइट-बॅक' असा पर्याय आहे, बॅटरीशिवाय चालतो, तो लावून टाका. मी लावला नाही. बरोबर केलं ना? आणि २७ च्या खाली जायचं तर आता पैसे कशावर घालायला सांगू, एसएसडी का रॅम?

बेचाळीस यू

अगदी बरोबर केलंत. तो पर्याय म्हणजे कॅश चालू आणि राखण नाही. यूपीएस आहे म्हणून तो लावणारे भेटतात, पण यूपीएस सर्व्हरच्या बाहेर असतो. पॉवर सप्लाय उडाला, मदरबोर्ड गेला, कुणी चुकून केबल ओढली, तर यूपीएस काय करणार?

पैसे सध्या कशावरच घालू नका. आधी सॉफ्टवेअरवाल्याला बसवा. व्याज, खतावणी आणि एसएमएसची नोंद खात्याला एकाच कमिटमध्ये गेली तर १ लाख ८० हजारांचे ६० हजार होतात, आणि ते बरोबरही आहे, कारण व्याज जमा झालं आणि खतावणी राहिली असं मध्येच अडकूच नये. शाखानिहाय चार-पाच कामं समांतर चालवता आली तर त्या रिकाम्या कोअरना पहिल्यांदा काम मिळेल. २७ पैकी बहुतेक वेळ आता एका कोअरच्या गणिताचा आहे, एसएसडीने तो फारसा हलणार नाही.

तरी पुढेमागे एसएसडी घ्यालच, तेव्हा वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर असलेली सर्व्हरचीच घ्या. दुकानातली साधी एसएसडी पहिल्या काही जीबींना सुसाट लिहिते, मग तिची वेगवान कॅश भरते आणि ती बसते, आणि दर नोंदीला थांबायचं म्हटलं की तिचा एफडेटासिंकचा आकडा बघून वाईट वाटतं. पैसे देण्याआधी तोच पीजी-टेस्ट-एफसिंक तिच्यावर चालवून मागा.

रॅमचं मग, समांतर काम सुरू झाल्यावर बघा. तेव्हा ८ च्या बारा एकसारख्या स्टिक, सगळे चॅनल भरून. त्याआधीचा स्ट्रीमचा आकडा आजच घेऊन ठेवा. आणि उरलेले पैसे देण्याआधी पुरवठादाराकडून लिहून घ्या: बॅटरीची वॉरंटी किती, आणि ती बिलाच्या तारखेपासून का डिलिव्हरीपासून. कार्डाची बॅटरी दर सोमवारी तपासून ईमेल पाठवणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत) टाका, जुन्या सर्व्हरवरही, कारण तिथली बॅटरीसुद्धा म्हातारीच आहे.

कृष्णाकाठ

सॉफ्टवेअरवाला गुरुवारी येतोय. स्क्रिप्ट त्या मुलाला लिहायला दिली आहे, दोन्ही सर्व्हरवर टाकतो. स्ट्रीमचे आकडे आज रात्री डे-एंड झाल्यावर घेतो आणि इथेच टाकतो.